परवाना माणसाबरोबर मरतो

शांतीनगरात राहणारे, बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ एका रविवारी माझ्या गाळ्यात आले आणि खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मॅडम, हवालदार आपल्या स्कूटरची चावी काढून घेऊ शकतो का?" मी त्यांना पाणी दिलं आणि लायसन्स बघायला मागितलं. लायसन्स संपून दोन वर्षं झाली होती. म्हणजे प्रश्न चावीचा नव्हताच. हवालदाराने बायकोमुलांदेखत झापलं ते त्यांना लागलं होतं, आणि त्यावर कायद्यात एखादं कलम सापडतंय का, हे बघायला ते आले होते. तसं कलम नाही. मी त्यांना लायसन्सचा फॉर्म भरून दिला आणि पुन्हा कोणी अडवलं तर काय करायचं ते सांगितलं. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, मागितलेले कागद द्या, नसतील तर नाहीत असं आपणहून सांगा, आणि समोरच्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचून ठेवा. भांडायला कोर्ट आहे, रस्त्यावर भांडू नये.

माझी निम्मी वकिली ही अशी. दिवसा मी काळा कोट घालून ठाण्याच्या कोर्टात असायचे, पण संध्याकाळी आणि रविवारी सकाळी नवघरला आमच्या बिल्डिंगखालच्या गाळ्यात बसायचे. लालबागहून आम्ही तिथे राहायला आलो तेव्हा रस्त्याच्या एका अंगाला नव्या बिल्डिंगी होत्या आणि दुसऱ्या अंगाला विहिरी, वाड्या आणि कोंबड्या. गाळ्यात येणाऱ्या दहा माणसांतली आठ माणसं कधी कोर्टाची पायरी चढत नाहीत. आपण करतोय तो गुन्हा आहे का, आपल्यावर होतोय तो गुन्हा आहे का, एवढंच त्यांना कळून घ्यायचं असतं. आणि पहिला प्रश्न सहसा खरा नसतो, तो दार ढकलून बघण्यापुरता असतो. नव्या वकिलांना मी सांगते, पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट द्या, पण पेनचं टोपण लावू नका.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. भाईंदरला तेव्हा स्टीलच्या भांड्यांचे कारखाने जोरात होते. पत्रा दाबून त्याचं पातेलं करणारी प्रेस मशिनं दिवसरात्र चालत, आणि ती बोटं खात. लक्ष्मण नावाचा एक प्रेसवाला उजव्या हाताची दोन बोटं गमावून माझ्याकडे आला. कायद्यात प्रत्येक बोटाची किंमत वेगवेगळी लिहिलीये हे खरं का, असं त्याने विचारलं. खरंच आहे. मी पुस्तक उघडून तो तक्ता त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सावकाश वाचला आणि म्हणाला, मशीनला हे वाचून दाखवायला पाहिजे होतं. मी त्याचे कागद केले, त्याला मेडिकल बोर्डापुढे उभं केलं, अपंगत्वाचा दाखला आणि पेन्शन मिळवून दिली, आणि त्या कामाचा मला फार अभिमान वाटला. सहा महिन्यांनी तो आपल्या मेहुण्याला घेऊन आला. त्याच मशीनवर मेहुण्याचीही बोटं गेली होती. मशीनला जाळी बसवली का, हे मी लक्ष्मणला विचारलंच नव्हतं. त्याने बोटांचं विचारलं, मी बोटांचं सांगितलं होतं.

मुंबईतल्या दंगली आणि स्फोट नुकतेच होऊन गेले होते, तेव्हाची गोष्ट सांगते. रेजिन पहिल्यांदा गाळ्यात आली तेव्हा माशांची रिकामी टोपली तिने बाहेर पायरीवर ठेवली आणि आत यायच्या आधी पदराला हात पुसले. वय पस्तिशीचं असेल. उत्तनजवळच्या चौक गावची, ख्रिस्ती घरातली, भाईंदरच्या बाजारात मासळी विकणारी. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिने एक जुनी परवान्याची वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"आमच्या घरान बंदूक हाय," ती म्हणाली. "सासऱ्याची. सासरा मेला त्याला दीड वरीस झालं. आता ती कोणाची?"

सासऱ्याचं नाव पास्कू. भातशेतीला डुकरांचा त्रास म्हणून एकनळी बंदुकीचा परवाना त्याला तरुणपणीच मिळालेला होता. मी रेजिनला सगळं सोपं करून सांगितलं. माणूस गेला की त्याची जमीन, होडी, कपाट वारसांकडे येतं. बंदूक तशी येत नाही, कारण परवाना माणसाबरोबर मरतो. घरच्यांनी ती बंदूक लवकरात लवकर पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या दुकानदाराकडे जमा करायची, पावती घ्यायची, आणि हवी असेल तर कोणातरी वारसाने आपल्या नावाने नवा परवाना मागायचा. तोवर ती घरात ठेवणं गुन्हा.

"कोणाचा गुन्हा?" तिने विचारलं.

"जो ताब्यात ठेवेल त्याचा."

"मी त्याच घरान राहते. माझा पण?"

तसं कोणी म्हणू शकेल, असं मी म्हटलं. ते ऐकून तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. आपल्यावर गुन्हा येऊ शकतो हे ऐकून ज्याला बरं वाटतं, त्याच्याकडे नीट बघायचं असतं. लक्ष्मणच्या मेहुण्यानंतर मी एवढं शिकले होते. मी विचारलं, घरात आणखी कोण असतं? सासू मार्था, नवरा आंतोन आणि दोन मुली. बंदूक कोण हाताळतं? 

मग तिने सांगितलं ते असं. आंतोन मासेमारीच्या होडीवर जातो. बाप होता तोवर तो धाकात होता. बाप गेल्यापासून पितो, आणि पिऊन आला की मारतो. ते तिने सहन केलं असतं, असं ती म्हणाली, गावात आणखी चार घरांत तेच आहे. पण गेले काही महिने मारून झाल्यावर तो बापाची बंदूक काढतो, उंबऱ्यावर बसतो आणि तेल लावून ती पुसतो. काही बोलत नाही. नळीतून एक डोळा लावून मुलींच्या अंथरुणाकडे बघतो, पुन्हा पुसतो आणि ठेवून देतो.

"त्यानं कधी बार न्हाय काढला," ती म्हणाली. "नुसता पुसतो. पण पुसतो कशाला?"

मी तिला घटस्फोटाचं विचारायला लागले आणि मध्येच थांबले, कारण ती कुठल्या धर्माची आहे हे मला आठवलं. ख्रिस्ती लग्नांचा घटस्फोटाचा कायदा तेव्हा इंग्रजांच्या काळातलाच होता. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एक कारण पुरे होतं. बायकोला मात्र नवऱ्याचा व्यभिचार सिद्ध करावा लागे, आणि तेवढ्याने भागत नसे, जोडीला छळ किंवा टाकून जाणंही सिद्ध करावं लागे. नुसत्या मारहाणीवर तिला घटस्फोट नव्हता. माझ्या बिल्डिंगमधल्या एखाद्या हिंदू बाईला याच तक्रारीवर मी तो मागून दिला असता. हे सगळं मी रेजिनला सांगितलं, कारण वकिलाने वाईट बातमी गुळात घोळून देऊ नये.

तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे त्यानं दुसरी बाई केली पाहिजे, आन वर मारलं पाहिजे. नुसतं मारलं तर न्हाय?"

मी म्हटलं, हो, कायदा असाच आहे. त्या दिवशी माझ्या मागच्या कपाटातली ती जाडजूड पुस्तकं मला शोभेची वाटली. वेगळं राहण्याचा हुकूम मागता येईल, असं मी सांगितलं, त्यात लग्न कायम राहतं पण त्याला तुझ्यापासून दूर राहावं लागतं. पोलिसांत छळाची तक्रार करता येईल, हेही सांगितलं. तक्रारीचं नाव काढताच तिने मान हलवली. तो आत गेला तरी चार दिवसांत सुटून येणार, आणि आला की बंदूक घरातच असणार. आणि पोलिसांनी घर तपासलं तर बंदूक सापडणार सासूच्या खाटेखाली.

तिचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का होता. तिला आज घटस्फोट नको होता, तुरुंगही नको होता. बंदूक घराबाहेर जायला हवी होती, आणि ती तिने घालवली असं दिसायला नको होतं. एवढं मात्र कायद्यात बसत होतं. मी म्हटलं, बंदूक तुझ्या सासऱ्याची, म्हणजे पहिला हक्क त्याच्या बायकोचा. मार्थाबाईंनी अर्ज केला की माझे यजमान वारले, त्यांची बंदूक जमा करून घ्या, तर त्यात कोणाविरुद्ध तक्रार नाही आणि कोणाचं नावही नाही. फक्त मार्थाबाई तयार व्हायला हव्यात.

रेजिन म्हणाली, ती होणार नाही. आंतोन तिचा एकुलता एक.

तरी मी गेले. आंतोनची होडी समुद्रात गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाईंदरहून बसने उत्तनला आणि तिथून चौकला पोचले. बांबूंवर बोंबील वाळत होते. मार्थाबाई सत्तरीच्या, चौकड्याचं लाल लुगडं नेसलेल्या, अंगाने बारीक पण आवाजाने मोठ्या. मी वकील आहे म्हटल्यावर त्यांनी मला बसायला पाट दिला आणि स्वतः उभ्याच राहिल्या. मी रेजिनचं नाव न घेता, परवाना, वारस, दंड, सगळं बोलून गेले. त्या ऐकत होत्या. बोलून झाल्यावर म्हणाल्या, "सून तुमच्याकडं गेली व्हती. मना ठाव हाय."

त्या आत गेल्या आणि मिठाची चिनी मातीची बरणी घेऊन आल्या. बरणीत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी एकेक करून सात काडतुसं बाहेर काढली आणि पाटाजवळ मांडली. मिठाने त्यांचा कागद फुगला होता, पितळ हिरवं पडलं होतं.

"पास्कूला पुरला त्याच रात्री मी ही काढून घेतली," त्या म्हणाल्या. "पोर माझं हाय. त्याचा हात कसा हाय ते मी बघतंय लहानपणापासून. पण काडतुसं काय, बाजारात दुसरी मिळतात. कागद आणा. अंगठा कुठं करू?"

कित्येक महिने त्या घरात दोघी बायका एकाच भीतीने झोपत होत्या, आणि दोघींनी एकमेकींना काही सांगितलं नव्हतं. रेजिन दारात उभी होती. ती सासूकडे बघत होती, सासू काडतुसांकडे. मी कागद पुढे केला.

अर्ज घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले. तिथले निरीक्षक वयस्कर होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, बाईंना कशाला त्रास, मी गाडी पाठवून मागवून घेतो. पोलिसांची गाडी चौक गावात शिरली असती तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं असतं, आणि गावाने ते आंतोनला धक्क्यावरच सांगितलं असतं. मी एवढंच म्हटलं की गाडी आली नाही तर घरातल्या बायकांना सोयीचं पडेल. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पुढे काही विचारलं नाही, आणि अर्जाच्या माझ्या प्रतीवर लिहून दिलं की सदर शस्त्र अर्जदार जमा करण्यास आणत आहेत. खाली सही, शिक्का आणि आवक नंबर. तो कागद मी पर्समध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवला.

तरी धोका होताच. त्या दिवसांत नाक्यानाक्यावर तपासणी चालू होती, आणि विनापरवाना हत्यार सापडलं तर जामीन मिळणं कठीण होतं. शुक्रवारी सकाळी मी पुन्हा चौकला गेले. बंदूक मोडून तिची नळी आणि दस्ता वेगळे केले, काडतुसं वेगळ्या पिशवीत घातली. बंदूक चटईत गुंडाळून वर टोपल्या ठेवू, असं रेजिन म्हणाली. मी ते करू दिलं नाही. लपवलेली वस्तू सापडते, दाखवलेली वस्तू सापडत नाही. साध्या गोणपाटात गुंडाळून आम्ही ती रिक्षात पायाशी ठेवली. मध्ये मार्थाबाई, एका बाजूला मी, एका बाजूला रेजिन. आंतोनची होडी दुपारच्या भरतीला यायची होती. त्याआधी पावती हातात हवी होती, कारण बंदूक जागेवर नाही आणि पावतीही नाही, अशा वेळी तो घरात काय करील याचा भरवसा नव्हता.

मिठागरांच्या पुढे रस्त्यावर लोखंडी अडथळे लावले होते. एक तरुण शिपाई हात करून पुढे आला. तो रिक्षात वाकायच्या आधीच मी म्हटलं, "साहेब, या गोणपाटात एक बंदूक आहे. मोडलेली आहे. मयत माणसाची आहे, जमा करायला पोलीस ठाण्यात नेतोय. हा निरीक्षकांच्या सहीचा कागद."

सगळ्यात आधी आमचा रिक्षावाला खाली उतरला. दोन्ही हात वर करून तो शिपायाला सांगायला लागला की मेरेको कुछ मालूम नहीं साब, मैं तो मच्छी समझा था. शिपायाने एक पाऊल मागे घेऊन हवालदाराला हाक मारली. हवालदाराने कागद उलटसुलट वाचला. शिक्का खरा आहे, पण आम्ही खऱ्या कशावरून, असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. त्याने आम्हाला उतरवलं. मी त्याला विनंती केली की वायरलेसवरून पोलीस ठाण्यात विचारा आणि हा आवक नंबर सांगा. त्याने विचारलं. निरीक्षक बंदोबस्ताला बाहेर गेले होते, रजिस्टर बघून सांगतो म्हणून निरोप आला, आणि मग काहीच येईना.

रस्त्याच्या कडेला आम्ही तिघी थांबलो. ऊन चढत होतं. येणारी-जाणारी माणसं वळून बघत होती, त्यात चौकचीही असणार. रेजिन सारखी खाडीच्या पाण्याकडे बघत होती. भरती चढतेय हे मलाही दिसत होतं. मार्थाबाई एका दगडावर बसल्या आणि त्यांनी पदरातून भाकरी काढली. अर्धी स्वतः घेतली, अर्धी सुनेच्या हातात दिली. "खा," म्हणाल्या, "त्यांना वाचू दे निवांत." मी आतून घाबरले होते, हे आता लिहायला हरकत नाही. पण कागद बरोबर होता, बोलणं खरं होतं आणि बंदूक मोडलेली होती. या तीन गोष्टी असल्या की वकिलाने घाबरलेलं दिसू नये.

तासाभराने वायरलेस खरखरला. नंबर जुळला होता. हवालदाराने कागद परत दिला आणि शिपायाला आमच्याबरोबर जायला सांगितलं, म्हणजे पुढे कोणी अडवू नये. तो रिक्षावाल्याला चिकटून पुढच्या सीटवर बसला. पोलीस ठाण्यात अंमलदाराने बंदुकीवरचा नंबर परवान्याशी ताडून पाहिला, काडतुसं टेबलावर आपटली तर रजिस्टरवर मीठ सांडलं. त्याने ते फुंकलं आणि मार्था पास्कू या नावाने पावती फाडली.

त्या संध्याकाळी आंतोन घरी आला तेव्हा मार्थाबाई उंबऱ्यावरच बसल्या होत्या. रेजिनने मला नंतर सांगितलं, त्यांनी त्याला आत जाऊ दिलं नाही, आधी पावती दाखवली. "तुझ्या बापाची व्हती, मी दिली," एवढंच म्हणाल्या. तो तसाच उलट्या पावली निघून गेला आणि रात्री घरी आलाच नाही.

तो माझ्याकडे आला सोमवारी संध्याकाळी; नाक्यावर आम्हाला पाहिलेल्या कोणीतरी त्याला माझं नाव सांगितलं असणार. उंच, देखणा, समुद्राच्या वाऱ्याने रापलेला माणूस, आणि अगदी शुद्धीवर. बापाची वस्तू मला परत कशी मिळेल, असं त्याने विचारलं. मी त्यालाही तितक्याच नीटपणे सांगितलं, कारण गाळ्यात आलेल्या माणसाला मी कधी खोटा कायदा सांगितलेला नाही. ठाण्याला कलेक्टर कचेरीत आपल्या नावाने परवाना मागा. अर्ज पोलिसांकडे येईल. ते तुमच्या वागणुकीची चौकशी करतील.

"कोणाला विचारतात?"

"शेजाऱ्यांना. घरातल्यांना पण विचारतात."

"बायकोला?"

"विचारू शकतात."

तो उठून निघून गेला. परवान्याचा अर्ज त्याने कधीच केला नाही.

इथे गोष्ट संपवली असती तर मी त्यात फार शोभून दिसले असते. मी तेव्हा ती संपवलीच होती. दोन-चार वकील मित्रांना ती चहाबरोबर सांगूनही झाली. मधले आठ-नऊ महिने मी एकदाही चौकला गेले नाही आणि रेजिनला निरोपही पाठवला नाही. मग एका रविवारी ती आली. डाव्या हाताला प्लास्टर होतं.

मी विचारलं, हे कधी झालं, मला आधी का नाही सांगितलंस. ती रागावलेली नव्हती. म्हणाली, "बंदूक गेली, बाई. हात हायतच."

बोटांचा तक्ता मला तिथेच डोळ्यांपुढे दिसला. तीच चूक मी दुसऱ्यांदा केली होती.

त्याच आठवड्यात आम्ही ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वेगळं राहण्याच्या हुकमासाठी अर्ज केला. घटस्फोट नव्हे, पण कायदा तेव्हा जेवढं देत होता तेवढं सगळं मी मागितलं. प्लास्टरचा, डॉक्टरच्या दाखल्याचा पुरावा होता, पण आधीची मारहाण कोण सांगणार? शेजाऱ्यांनी हात वर केले. घरच्या भांडणात आम्ही कशाला, हे वाक्य मी वकिलीत जितक्या वेळा ऐकलंय तितक्या वेळा दुसरं कुठलंच ऐकलं नसेल. साक्षीदारांच्या यादीत एकच नाव लिहिता येत होतं, आणि ते मागायची मला हिंमत होत नव्हती. रेजिननेही मागितलं नाही. मार्थाबाई स्वतःच म्हणाल्या की मना ठाण्याला कोण नेणार ते सांगा.

साक्षीच्या दिवशी त्या सकाळी पहिल्या गाडीने निघून कोर्टात आल्या. आंतोन समोरच्या बाकावर बसला होता. पिंजऱ्यात त्यांनी बायबलवर हात ठेवला आणि तारखा सोडून सगळं सांगितलं. तारखा त्यांना येत नव्हत्या, त्या सणांवरून सांगत होत्या: नाताळच्या आधी मारलं, ईस्टर झाल्यावर मारलं. आंतोनच्या वकिलाने उलटतपासणीत विचारलं, तुम्ही त्याच्या सख्ख्या आई ना? सुनेने पढवलं म्हणून आपल्या पोटच्या पोराविरुद्ध बोलताय ना?

"आई हाय म्हणूनच आले," मार्थाबाई म्हणाल्या. "दुसरं कोण व्हतं घरान बघायला?"

आंतोनने खाली बघितलं. त्याच्या वकिलाने पुढचे प्रश्न विचारले नाहीत. मीही माझ्या आयुष्यात इतकं थोडं बोलून कुठली केस जिंकले नाही. हुकूम आमच्या बाजूने झाला. घर मार्थाबाईंच्या नावावर होतं, त्यामुळे आंतोनला बाहेर पडावं लागलं. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला चुलतभावाकडे राहायला गेला. नंतर त्याने पिणं कमी केलं असं ऐकलं, खरं-खोटं माहीत नाही. मुलींना भेटायला रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाल्यावर देवळाच्याच आवारात यायचा, आणि मार्थाबाई तिथे शेजारी उभ्या राहायच्या.

ते दशक संपत आलं तेव्हा आमच्या हायकोर्टाने ख्रिस्ती बायकांवरची ती जुनी अट काढून टाकली. नुसत्या छळावरही घटस्फोट मागता येईल असा निकाल झाला. वर्तमानपत्रात तो वाचला आणि मी त्याच दिवशी उत्तनची बस पकडली. इतक्या वर्षांत कोणाला चांगली बातमी द्यायला निघण्याचे प्रसंग माझ्या वाट्याला फार आले नव्हते.

रेजिन अंगणात सुकट निवडत होती. मोठी मुलगी एव्हाना कॉलेजात जात होती. मार्थाबाई आत खाटेवर होत्या, त्यांना उठवत नव्हतं आणि फारसं ऐकूही येत नव्हतं. मी रेजिनला निकाल समजावून सांगितला. तुझा पुरावा आधीच कोर्टात आहे, आता फार वेळ लागणार नाही, तू पूर्ण मोकळी होशील. तिने हातातलं सूप खाली ठेवलं आणि विचार केला. मग म्हणाली, "घटस्फोट झाल्यावर ती माझी सासू राहते का?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, कायद्याने पाहिलं तर नाही. नवऱ्याचं नातं तुटलं की त्याच्यामार्फत आलेली नाती तुटतात.

"मग थांबा," ती म्हणाली. "म्हातारी हाय तवर थांबा."

घरात त्या तशाही राहतीलच, कोणी तुम्हाला वेगळं करणार नाही, कागदाने काय होतं, असं मी तिला सांगून पाहिलं. मीच, जिने आयुष्यभर लोकांना कागद करा, कागद करा म्हणून सांगितलं. ती हसली आणि मला चहा करायला उठली. मी आत जाऊन मार्थाबाईंजवळ बसले. त्यांनी मला ओळखलं की नाही कळलं नाही, पण हात हातात घेतला.

पुढे दोन वर्षं मी रेजिनला त्याबद्दल विचारलं नाही. मार्थाबाई गेल्याचं मला बाजारातल्या मासळीवाल्यांकडून कळलं, आणि अंत्यविधीला मी पोचू शकले नाही. त्यांची महिन्याची मिस्सा झाली, त्यानंतरच्या रविवारी मी शटर वर केलं तर रेजिन पायरीवर बसलेली होती. काळी साडी नेसली होती. या वेळी टोपली नव्हती. ती आत आली, खुर्चीत बसली, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "आता लिवा."

मी कोरा कागद पुढे ओढला आणि वर तिचं नाव लिहिलं.